मावळातली गिधाडं: कड्यावर पहारा आधी, की गोठ्यात चौकशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातला तुमचा ट्रेकिंगचा गट दर हिवाळ्यात मावळातल्या एका कड्यावर जातो. तिथे गिधाडांची घरटी आहेत आणि पूर्वीपेक्षा पक्षी कमी दिसतात असं तुम्हाला वाटतं. वर्गणी काढून तीन गोष्टी करायचा विचार आहे: कड्याखाली मेलेली जनावरं आणून टाकायची, माथ्यावर सूचनाफलक लावायचा आणि ड्रोन उडवून घरटी मोजायची. हे करावं का, आणि या वसाहतीला खरा धोका कशाचा, असं तुम्ही विचारलंय.

आधी सरळ उत्तर देते. ड्रोन नको. फलक नको. जनावरं टाकण्याचा बेत आत्ता नको, पुढे कधी जमलंच तर अटींसह. आणि जे सगळ्यात आधी करायला हवं ते तुमच्या यादीतच नाही. मी पशुवैद्य आहे. नोकरीची बरीच वर्षं पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या दवाखान्यांत गेली आणि गिधाडांच्या कामात मी त्या वाटेने आले, त्यामुळे माझं उत्तर गोठ्याकडून सुरू होणार. पक्षी अभ्यासकांना विचारलंत तर ते कड्याकडून सुरुवात करतील. दोन्ही वाटा लागतातच, पण अग्रक्रम विचाराल तर मी गोठाच म्हणेन.

एक गोष्ट तुम्ही चांगली केलीत, कड्याचं नाव लिहिलं नाहीत. पुढेही लिहू नका. एका फोटोखाली ठिकाण आलं की पुढच्या शनिवारी तिथे चाळीस माणसं आणि चार लांब लेन्सवाले पोहोचतात.

तुम्ही पाहता ती बहुतेक लांब चोचीची गिधाडं, म्हणजे भारतीय गिधाड. सह्याद्रीच्या कड्यांत, कपारीत आणि खडकाच्या फळीवर घरटं करणारा हाच पक्षी. पांढऱ्या पाठीचं गिधाड झाडावर घरटं करतं. त्याच्यासाठी कोकणात उतरावं लागतं. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावची वसाहत गावकऱ्यांनी आणि तिथल्या कार्यकर्त्यांनी जपलेली आहे. या दोन्ही जाती आज अतिसंकटग्रस्त यादीत आहेत आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच कागदावर यांना.

संख्या कशी कोसळली ते थोडं सांगायला हवं, कारण तुमच्या कड्यावर आज जे चाललंय ते त्याचंच शेपूट आहे. पुण्यात पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, गावाबाहेर मेलेल्या जनावरावर गिधाडांचा थवा उतरलेला त्यांनी पाहिलेला असतो. 1990 च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांना पक्षी मरताना आणि घरटी ओस पडताना दिसली. पुढच्या मोजण्यांतून जे निघालं ते भयंकर होतं. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्के घटली. लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची (ही तिसरी जात) मिळून जवळपास 97 टक्के. सुरुवातीला सगळ्यांना विषाणूचा संशय होता. 2004 मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या गटाने कारण दाखवून दिलं: डायक्लोफेनॅक. जनावराच्या दुखण्यावर, तापावर, सुजेवर द्यायचं स्वस्त इंजेक्शन. सुई दिल्यावर एक-दोन दिवसांत जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. युरिक आम्ल बाहेर पडत नाही, रक्तात साठतं, आणि पक्षी दोन-तीन दिवसांत मरतो. शवविच्छेदनात हृदयावर, यकृतावर चुना फासल्यासारखा पांढरा थर दिसतो. अँथ्रॅक्सचे जंतू पचवणारं पोट, आणि त्याला गुडघेदुखीवरचं औषध पुरून उरलं.

इथे लोक एक शंका काढतात: सगळ्याच जनावरांना काही सुई दिलेली नसते, मग एवढी गिधाडं कशी मेली? त्याचं गणित करून बघा. एक गिधाड साधारण तीन दिवसांनी एकदा पोटभर खातं असं धरा, म्हणजे वर्षाला सव्वाशेच्या आसपास जेवणं. दर 200 मेलेल्या जनावरांमागे फक्त एकात ते औषध आहे असं धरा. वर्षभरात त्या एकाशी गाठ पडण्याची शक्यता जवळपास 45 टक्के निघते. शिवाय गिधाडं एकेकटी जेवत नाहीत, एका जनावरावर वीस-पंचवीस उतरतात. अभ्यासकांनी मांडलेल्या हिशोबातही हेच निघालं होतं: प्रत्यक्षात दिसली तेवढी घट व्हायला दर 760 ते 130 जनावरांमागे एक विषारी जनावर पुरेसं होतं. दुसऱ्या बाजूला पैदास बघा. जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाच वर्षं लागतात. कोंबडीसारखी भरपाई करून घेणारा हा पक्षी नाही. मोठा पक्षी मेला तर तो गेलाच समजा.

आणि गोठ्यातली एक गोष्ट या गणितात धरलेली नाही, ती पशुवैद्यालाच दिसते. मेलेलं जनावर आणि सुई टोचलेलं जनावर ही दोन वेगळी नसतात. धडधाकट जनावर मरत नाही, त्याला औषधही दिलं जात नाही. पावसाळ्यात तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप येतो, गाय लंगडते, मग बसते. बसलेली गाय म्हणजे शेतकऱ्याच्या घरचा आजारी माणूसच. पहिल्या दिवशी शेजारचा कुणीतरी सुई देतो, दुसऱ्या दिवशी गावोगाव फिरून जनावरांवर उपचार करणारा खाजगी सेवादाता येतो, तिसऱ्या दिवशी डॉक्टरला फोन जातो. तिघांनीही दुखण्याचं काहीतरी टोचलेलं असतं, आणि आधीच्याने काय दिलं ते पुढच्याला धड कळत नाही. कासदाहात तेच, वार अडकली तरी तेच, लम्पीत तेच. म्हणजे जी गाय वाचत नाही, तिच्या अंगात शेवटच्या तीन-चार दिवसांत वेदनाशामक गेलेलं असण्याची शक्यता गोठ्यातल्या इतर कुठल्याही गायीपेक्षा जास्त. आणि गिधाडाच्या वाट्याला येते ती हीच.

बंदी आहे, हे तुम्ही वाचलं असेल. जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक 2006 मध्ये बंद करण्याचा आदेश निघाला, 2008 मध्ये तो राजपत्रात आला. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जायला लागल्या, कारण एका बाटलीत एका म्हशीचा डोस आरामात बसत होता. म्हणून 2015 मध्ये माणसांच्या इंजेक्शनचं पॅकिंग 3 मिलिलीटरवर आणलं. त्याने वापर खूप कमी झाला, हे खरं. पण पाच-सहा छोट्या कुप्या एकदम फोडणाऱ्याला अडवणारं गोठ्यात कुणी उभं नसतं. दरम्यान कंपन्यांनी पर्याय म्हणून जी औषधं पुढे केली त्यांतली कितीतरी गिधाडांना तितकीच घातक निघाली. एसिक्लोफेनॅक तर गायीच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच बनतं. नाव बदलून तेच दुकानात बसलं होतं. एसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांच्यावर जनावरांसाठी 2023 मध्ये बंदी आली, निमेसुलाइडवर 2024 च्या डिसेंबरअखेर. म्हणजे पहिल्या औषधाचा दोष सापडल्यापासून शेवटच्या बंदीपर्यंत वीस वर्षं गेली. औषध आधी बाजारात येतं आणि गिधाडावर त्याची चाचणी मागाहून होते, हा क्रमच उलटा आहे. माझं सरकारशी भांडण असेल तर ते या एका मुद्द्यावर आहे.

सुरक्षित म्हणून तपासलेली औषधं दोन: मेलॉक्सिकॅम आणि टोलफेनॅमिक आम्ल. मेलॉक्सिकॅम आता महाग राहिलेलं नाही आणि सरकारी दवाखान्यांतही वापरात आहे. तरी शेतकरी कुरकुरतो, कारण त्याच्या मते जुन्या सुईने गाय "लगेच" उठायची. यात थोडं तथ्य आहे, थोडी सवय आहे. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा डोस नीट पडतोय का ते पाहावं. वजन कमी धरून अर्धवट डोस देणारे बरेच असतात आणि मग दोष औषधाला लागतो.

आता तुमच्या पहिल्या कल्पनेकडे येऊ. गिधाडांचं उपाहारगृह, म्हणजे ठरलेल्या जागी मेलेली जनावरं टाकणं. गडचिरोलीत आणि रायगडमध्ये हे झालेलं आहे, आणि जिथे नीट झालं तिथे उपयोगही झाला आहे. अन्नाचा तुटवडा खरा आहे. पूर्वी प्रत्येक गावाबाहेर मेलेलं जनावर ओढून नेण्याची, कातडं काढण्याची जागा असायची आणि गिधाडांचं पोट त्यावर चालायचं. आज जनावर खड्ड्यात जातं. 2022 मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा तर चुना टाकून खोल पुरण्याचेच आदेश होते, आणि साथीच्या हिशोबाने ते बरोबरही होते. या जुन्या पद्धतीबद्दल हळवं होऊन बोलणारे पक्षीप्रेमी मला भेटतात, तेव्हा मी त्यांना थांबवते. ते काम जातीच्या जोरावर करवून घेतलेलं काम होतं. मेलेली ढोरं ओढणं सोडा, मेलेलं मांस खाणं सोडा, असं बाबासाहेबांनी सांगितलं आणि लोकांनी ते सोडलं, हे योग्यच झालं. गिधाडांसाठी ती व्यवस्था परत हवी असं कुणी म्हणू नये. नवी सोय करायची तर ती पगारी, हातमोजे-गाडीसह आणि गावाच्या संमतीने करावी.

पण तुमच्या गटाने हे आत्ता का करू नये? विखुरलेली गिधाडं आज पन्नास ठिकाणी खातात. तुम्ही त्यांना एका ताटावर आणणार. त्या ताटात एकच जनावर सुई टोचलेलं आलं तर सगळी वसाहत एका जेवणात जाईल. आसाममध्ये 2022 च्या मार्चमध्ये छायगावजवळ विष घातलेल्या बकरीच्या मांसावर जवळपास शंभर गिधाडं मेली होती. तो कीटकनाशकाचा प्रकार होता, औषधाचा नव्हे, पण एका मढ्यावर किती पक्षी जाऊ शकतात ते त्यावरून कळतं. मी स्वतः नियम ठेवते तो असा: शेवटच्या पंधरा दिवसांत वेदनाशामक दिलेलं जनावर टाकायचं नाही. मालक नुसतं तोंडी सांगतो यावर विसंबायचं नाही, कारण मढं फुकट उचलून नेणाऱ्याला कुणीच "सुई दिली होती" असं सांगत नाही. अँथ्रॅक्स किंवा पिसाळल्याचा संशय असलेलं जनावर नाही. कुत्र्या-घोड्यांना वेदनेतून सोडवण्यासाठी गुंगीच्या औषधाचा मोठा डोस देऊन मारलेलं असतं, तेही नाही. ते औषध मांसात राहतं आणि गिधाडांना मारतं. याशिवाय भटकी कुत्री येऊ नयेत म्हणून कुंपण हवं. मावळात बिबट्याचाही विचार करावा लागेल, कारण मढ्याच्या वासावर तो गावालगत आला तर गिधाडांसकट तुम्हालाही गाव हाकलून देईल. हे सगळं वर्षभर, दर आठवड्याला, सुट्टी न घेता करणारा माणूस तुमच्याकडे आहे का? नसेल तर वर्गणी दुसरीकडे लावा. कुठे, ते पुढे सांगते.

कड्यावरचा त्रास मी गोठ्यापेक्षा दुय्यम म्हणते, क्षुल्लक म्हणत नाही. लांब चोचीचं गिधाड साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात अंडं घालतं, पन्नासेक दिवस उबवतं, आणि पिल्लू उडायला एप्रिल-मे उजाडतो. आता तुमचं स्वतःचं ट्रेकिंगचं वेळापत्रक त्याशेजारी ठेवा. पाऊस संपला की रॅपलिंग, व्हॅली क्रॉसिंग, झिपलाइन, माथ्यावर तंबू, रात्री गाणी, सगळं याच महिन्यांत. उबवणारा पक्षी एकदा उठला की अंडं उन्हात नाहीतर थंडीत उघडं पडतं. आग्या मोहोळ असलेल्या कड्यावरून दोर सोडायला कुणी धजत नाही, कारण माशा जागच्या जागी हिशोब चुकता करतात. गिधाड काही करत नाही, उडून जातं, आणि आपल्याला वाटतं काही बिघडलं नाही.

म्हणूनच ड्रोनला नाही म्हटलं. पक्षी त्याच्याकडे शिकारी पक्षी म्हणून बघतात, घरट्यातून उठतात, कधी धडकतातही. वनखात्याच्या परवानगीशिवाय पहिल्या अनुसूचीतल्या पक्ष्याच्या घरट्यावर ड्रोन नेणं तुम्हाला कायद्यातही अडकवेल. आणि फलक? "येथे दुर्मिळ गिधाडांची घरटी आहेत, शांतता राखा" अशी पाटी लावली की ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही बोलावणं जातं. त्यापेक्षा पायथ्याच्या गावातल्या वाटाड्यांशी, चहावाल्याशी आणि दोर घेऊन येणाऱ्या संस्थांशी बोला. नोव्हेंबर ते मे त्या एका भिंतीवर दोर नको, एवढंच मागा. सह्याद्रीत भिंतींची कमतरता नाही. पुण्या-मुंबईतले जुने गिर्यारोहक हे पटकन ऐकतात. आठवड्याच्या शेवटी दीडशे माणसं आणणारे आयोजक ऐकत नाहीत, त्यांच्यासाठी वनरक्षकाला सोबत घ्या.

बाकीचे धोके थोडक्यात. उच्चदाबाच्या तारा आणि डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्या. भीमाशंकरच्या अंगाला त्या आहेत, आणि गिधाड उडताना खाली बघत असतं, समोर नाही. खाणींतले सुरुंग. डोंगरउतारावरचे प्लॉटिंग आणि रात्रभर चालणारे रिसॉर्टचे दिवे. बिबट्यावर किंवा कुत्र्यांवर राग काढायला मढ्यावर घातलेलं विष. जिथे बिबट्याचा त्रास आहे तिथे हा धोका कायम डोक्यात ठेवा. यांतल्या प्रत्येकावर पानं भरून लिहिता येईल, पण तुमच्या हातात यांतलं फारसं काही नाही.

तुमच्या हातात काय आहे ते आता सांगते. सुरुवात मोजणीपासून करा, कारण "कमी दिसतात" हे अजून फक्त वाटणं आहे. त्रास झाला की गिधाडं शेजारच्या कड्यावरही सरकतात. त्यामुळे आजूबाजूचे दोन-तीन माहितीतले कडे एकाच सकाळी मोजायला हवेत. दरीच्या पलीकडून, तीन-चारशे मीटर अंतर ठेवून, दुर्बीण तिपाईवर लावून. उजाडल्यापासून हवा तापून पक्षी घिरट्या घेत वर चढायला लागेपर्यंतची वेळ पकडा; नऊ-साडेनऊनंतरचे आकडे कामाचे नाहीत. कड्याचा एक मोठा फोटो छापून घ्या आणि विष्ठेचे पांढरे ओघळ जिथे दिसतात त्या प्रत्येक फळीला क्रमांक द्या. मग दर हंगामात तीन फेऱ्या: डिसेंबरअखेर किती फळ्यांवर पक्षी बसून आहे, फेब्रुवारीत किती ठिकाणी पिल्लू दिसतं, एप्रिलअखेर किती पिल्लं उडण्याइतकी मोठी झाली. ओस पडलेल्या फळीवर पांढरा ओघळ काही काळ टिकतो, म्हणून नुसत्या डागावरून घरटं मोजू नका.

या तीन आकड्यांतून धोका कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं, आणि माझ्या मते मोजणीचा खरा उपयोग हाच. बसलेल्या जोड्या तेवढ्याच आहेत पण पिल्लंच टिकत नाहीत, असं दिसलं तर गडबड कड्याजवळ आहे: दोर, आवाज, माकडं, नाहीतर अन्नाचा तुटवडा. उलट पिल्लं नीट उडतायत, पण दरवर्षी बसणाऱ्या जोड्याच घटतायत आणि शेजारच्या कड्यांवर वाढलेल्या नाहीत, तर मोठे पक्षी कुठेतरी दूर मरतायत. हा दुसरा प्रकार दिसला की आधी औषधाचा संशय घ्या. एका वर्षाच्या आकड्यांवर निष्कर्ष काढू नका, तीन हंगाम तरी जाऊ द्या.

मोजणी चालू असतानाच गोठ्याचं काम सुरू करा. वसाहतीभोवतीचा 100 किलोमीटर त्रिज्येचा पट्टा घातक औषधांपासून मुक्त करणं, हे गिधाडांच्या कामात सगळीकडे मानलेलं माप आहे. मावळातून एवढं वर्तुळ काढलंत तर त्यात पुणे, मुंबई, ठाणे, नगर जिल्ह्याचा पश्चिम भाग आणि नाशिकचा दक्षिण कोपरा येतो. म्हणजे ते तुमच्या गटाचं काम नव्हे. आणि गिधाड तर त्याही पलीकडे जातं: ताडोबातून सोडलेलं पांढऱ्या पाठीचं एक गिधाड 2024 मध्ये तामिळनाडूत जाऊन पोहोचलं. पण कड्याच्या आसपासची वीस-पंचवीस गावं तुमच्या आवाक्यात आहेत, आणि रोजच्या खाण्यासाठी पक्षी बऱ्याचदा तिथेच फिरतात.

तिथे काय करायचं? आधी मेडिकल. जनावरांची औषधं ठेवणाऱ्या दुकानात साध्या माणसासारखं जाऊन "म्हैस बसलीय, दुखण्याचं इंजेक्शन द्या" म्हणा आणि काय हातात येतं ते बघा. देशभरच्या पाहण्या याच पद्धतीने झाल्या आहेत. औषधाचं नाव, कंपनी, पॅकिंग, तारीख टिपून ठेवा. दुकानदाराचा व्हिडिओ काढून फिरवू नका. पुढच्या वेळी तो तुम्हाला काहीच दाखवणार नाही, आणि माल मात्र मागच्या दाराने जात राहील. बंदी असलेलं काही मिळालं तर अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवा आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना प्रत द्या.

मग सुई देणारे हात. दवाखान्यातले डॉक्टर बहुतेक जाणून आहेत. खरं बोलायचं ते खाजगी सेवादात्यांशी, कृत्रिम रेतन करणाऱ्यांशी, आणि धनगरांशी. मेंढपाळ स्वतःच सुई टोचतात, पिशवीत औषधांची जमवाजमव असते आणि त्यात जुनी बाटली निघू शकते. दिवाळीनंतर कळप घाट उतरतात, त्याआधी गाठा. मेलेली मेंढी माळावरच राहते, त्यामुळे गिधाडाच्या दृष्टीने हा माणूस फार महत्त्वाचा. त्याला पक्ष्यांवर भाषण देऊ नका. दवाखान्याच्या डॉक्टरांना सोबत घेऊन जुनं औषध द्या, मेलॉक्सिकॅम घ्या, असा अदलाबदलीचा दिवस ठेवा. तुमच्या वर्गणीचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही. गोशाळांनाही भेटा. तिथे म्हातारी, दुखणाईत जनावरं जास्त, म्हणजे दुखण्याच्या सुयाही जास्त आणि मरणही. पुरतायत की उघड्यावर टाकतायत ते विचारा.

गावात बोलताना नुसतं "गिधाड वाचवा" चालत नाही, हे माझं निरीक्षण. गिधाडं गेली आणि मढ्यांवर कुत्री वाढली, हे मात्र लगेच पटतं. 2024 मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडं नाहीशी झालेल्या जिल्ह्यांचा अभ्यास छापला. 2000 ते 2005 या काळात त्यामुळे सुमारे 5 लाख माणसं जादा मेली असा त्यांचा अंदाज आहे. सडकं पाणी, पिसाळलेली कुत्री, ही त्यातली कारणं. आकडा थोडा इकडे-तिकडे धरला तरी सरपंचाला मुद्दा कळतो.

हरियाणातल्या पिंजोरसारख्या गिधाड प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडं आणून सोडता येतील का, असाही प्रश्न तुमच्या गटातून येईल. ताडोबा आणि पेंचमध्ये ते काम सुरू आहे आणि ते व्हायला हवं. पण जिथे रानटी वसाहत अजून टिकून आहे तिथे त्या पक्ष्यांच्या मरणाचं कारण शोधणं कितीतरी स्वस्त पडतं.

शेवटी मेलेल्या किंवा पडलेल्या पक्ष्याचं. एप्रिल-मेमध्ये उडायला शिकणारी पिल्लं खाली येतात, उन्हाने अशक्त झालेली असतात. जवळ गर्दी करू नका, चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. घाबरलेलं गिधाड ओकतं, ते आजाराचं लक्षण समजू नका. हवा खेळती राहील अशा मोठ्या खोक्यात, अंधारात ठेवा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. पुणे परिसरात बावधनला वन्यप्राणी उपचार केंद्र आहे, वनखातं तिथे पोहोचवेल. पक्षी मेलेला सापडला तर तो पुरू नका, जाळू नका, पिसं उचलू नका. ताजा मेलेला पक्षी म्हणजे त्या वर्षीचा सगळ्यात मोलाचा पुरावा. जागेचा फोटो, वेळ, आसपास मढं होतं का याची नोंद करा, वनरक्षक येईपर्यंत सावलीत राखण करा आणि शवविच्छेदन व्हावंच असा आग्रह धरा. मूत्रपिंड आणि यकृताचे तुकडे बर्फात ठेवून बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेकडे किंवा कोइमतूरच्या सालिम अली केंद्राकडे जायला हवेत. स्थानिक डॉक्टरांना हे माहीत नसेल तर औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे विचारणा करायला सांगा. तो नमुना वेळेत पोहोचला, तर कुठलं औषध अजून बाजारात फिरतंय ते नावानिशी कळेल. मग तुमच्या मेडिकलच्या टिपणवहीला धरून अन्न व औषध प्रशासनाकडे दुसरा अर्ज करता येईल.